गोलंदाज उपाशी का मरतो?

माझा आतेभाऊ गेली कित्येक वर्षं शाळा-कॉलेजच्या दिवसांत वाचलेली एक गोष्ट शोधतोय. एका क्रिकेटपटूचा उजवा हात एकाएकी डावा होतो आणि मग तो पोटभर जेवूनही खंगत जातो. नाव आठवत नाही, लेखक आठवत नाही. कव्हर निळं होतं, हे मात्र छातीठोकपणे सांगतो. (निळ्या कव्हरवर माझा काडीचा विश्वास नाही. हरवलेल्या सगळ्याच विज्ञानकथांची कव्हरं निळी असतात!)

माझं मत असं, की अशी कथा शोधताना नावगाव विचारूच नये. ते आधी पुसलं जातं. टिकते ती कथेतली विज्ञानाची मेख. इथली मेख म्हणजे माणसाचं आरशातलं प्रतिबिंब होणं. पारदर्शक प्लास्टिकच्या पट्टीला अर्धा पीळ देऊन टोकं चिकटवा, की झाली मोबियसची पट्टी. तिच्यावर उजवा पंजा काढलाय आणि तो न उचलता सरकवत एक फेरी मारून आणलाय अशी कल्पना करा. मूळ जागी येतो तेव्हा तो डावा झालेला असतो.

एवढ्यावरून कुणीही जुना वाचक सांगेल, नारळीकरांचा ‘उजव्या सोंडेचा गणपती’! गोलंदाजाचा हात बदलतो तो तिथेच. पण तिथे कुणी भुकेनं खंगत नाही. आतेभाऊ म्हणतो, ‘नाही रे, खंगतो. मला पक्कं आठवतंय.’

तोही खोटं बोलत नाही. आपली प्रथिनं डाव्या घडणीच्या अमिनो आम्लांची असतात आणि पचणारी साखर उजव्या घडणीची. अख्खा माणूसच उलटला तर त्याची विकरंही (अन्न पचवणारी एन्झाइम्स) उलटणार, मग ताटातलं अन्न त्यांच्या उपयोगाचं कसं राहील? ही भूक आहे इंग्रजी विज्ञानकथाकार आर्थर क्लार्कच्या १९४६च्या ‘टेक्निकल एरर’ या कथेत, आणि तिथे उलटतो तो वीजकेंद्रातला इंजिनिअर. आतेभाऊ मुंबईत शिकायला असताना फाउंटनच्या फुटपाथवरून इंग्रजी पुस्तकं आणायचा, तेव्हा क्लार्क तिथूनच आला असणार. म्हणजे एक गोष्ट नव्हेच, दोन आहेत. मुळात कल्पना त्याहून जुनी आहे. एच. जी. वेल्सनं १८९६ मध्येच आपल्या एका कथेत शाळामास्तराचं हृदय उजवीकडे नेऊन ठेवलं होतं. आतेभावाला उद्या मास्तर आठवला, तर मला नवल वाटणार नाही.

नारळीकर आणि क्लार्क तरी सापडले, कारण त्यांची पुस्तकं झाली. मासिकांत आणि दिवाळी अंकांत एकदाच छापून आलेल्या मराठी विज्ञानकथांचं काय? ‘किशोर’चे १९७१पासूनचे अंक आज घरबसल्या वाचता येतात, ते काम फार मोलाचं आहे. बाकी पुष्कळसं रद्दीवाल्याच्या काट्यावर गेलं. आपण साहित्य संमेलनाच्या मांडवावर तावातावानं भांडू, पण जुन्या अंकांची साधी सूची करायला कुणाला सवड नसते.

तेव्हा माळा आवरताना जुने दिवाळी अंक निघाले, तर रद्दीत घालण्याआधी निदान अनुक्रमणिकेचा फोटो काढा आणि खाली कमेंटमध्ये टाका. अंकाचं नाव आणि साल दिसू द्या.