होमस्टेवाल्यांनो, ‘मालवणातल्या टॉप १० जागा’ लिहिणं आता बंद करा

मालवण, तारकर्ली, देवबाग, भोगवे या पट्ट्यातल्या होमस्टे आणि खाणावळवाल्यांची ऑनलाइनची कामं मी करतो, म्हणजे वेबसाइट, गुगलवरचं प्रोफाइल, फोटो, रिव्ह्यूंना उत्तरं असलं सगळं, आणि हल्ली जो भेटेल तो एकच विचारतो, वेबसाइटवर माणसं यायची कमी का झाली? एका काकींनी तर सरळच विचारलं, "गुगल आमच्याबद्दल लिवता, ता आमका इचारून लिवता काय रे?" प्रश्न एकदम बरोबर आहे. विचारून लिहीत नाही. त्यावरच जरा सविस्तर लिहितोय, लांबेल, चहा घेऊन बसा.

झालंय काय ते आधी थोडक्यात. ऑगस्ट २०२४ पासून आपल्याकडे गुगलवर काही शोधलं की बऱ्याचदा वरतीच एआयने तयार केलेलं उत्तर येतं, एआय ओव्हरव्ह्यू म्हणतात त्याला. मग जुलै २०२५ मध्ये एआय मोड सगळ्यांना खुला झाला, तिथे तर गप्पा मारल्यासारखं विचारत बसायचं. शिवाय चॅटजीपीटी आहेच, आता कॉलेजची पोरं ट्रिपचा प्लॅन त्यालाच करायला सांगतात. म्हणजे "मालवणमध्ये बघण्यासारखं काय आहे" असं टाकलं की उत्तर तिथल्या तिथे मिळतं, खाली जाऊन तुमच्या वेबसाइटवर टिचकी मारायची गरजच उरत नाही. सर्च कन्सोल, म्हणजे आपली वेबसाइट गुगलवर किती दिसली आणि किती क्लिक आले ते दाखवणारं गुगलचं साधन, ते उघडून बघा, बऱ्याच ठिकाणी चित्र असं दिसेल की तुमचं पान लोकांना दिसतंय तेवढंच किंवा जास्तच पण क्लिक घसरलेत. आणि गंमत म्हणजे एआयच्या उत्तरात तुम्ही दिसलात की खालच्या साध्या यादीत, हे गुगल तिथे वेगळं करून दाखवत नाही, सगळं एकाच आकड्यात घातलेलं असतं. त्यामुळे कोणी एजन्सीवाला "सर्च कन्सोलमध्ये तुमचा एआय ट्रॅफिक इतका वाढला" म्हणत आकडा दाखवायला लागला तर त्याला विचारा की हा आकडा आणला कुठून.

आता माझं मत, पटलं नाही तर भांडा. जे क्लिक गेले त्यातले बहुतेक गिऱ्हाईक नव्हतेच. नागपुरात बसून कोणीतरी शाळेच्या प्रोजेक्टसाठी सिंधुदुर्ग किल्ल्याची माहिती वाचत होता, तो तुमच्या वेबसाइटवर आला आणि गेला, तुम्हाला आकडा दिसला आणि बरं वाटलं. खोली कुठे घेतली त्याने? आणि आपण तरी लिहिलं काय होतं? सगळ्यांच्या वेबसाइटवर तेच पान. किल्ला १६६४ ते १६६७ मध्ये बांधला, रॉक गार्डन, त्सुनामी आयलंड, देवबागचा संगम, स्कूबा, शेवटी "कोकणच्या निसर्गरम्य सान्निध्यात आपले स्वागत आहे". ह्याचं त्याला, त्याचं ह्याला, फोटोसुद्धा तेच. असं पान दोन हजार रुपयात लिहून देणारे होते आणि ते चालायचंही, कारण गुगलला तेव्हा यादी दाखवायची होती. आता तीच माहिती मशीन चार ओळीत सांगतं आणि आपल्यापेक्षा बरी सांगतं, शुद्धलेखनासकट. ते पान मेलं, मला तर काडीचं वाईट वाटलेलं नाही.

खरा बदल वेगळाच आहे आणि त्याकडे लोकांचं लक्षच नाही. पूर्वी लोक "मालवण होमस्टे" एवढे दोन शब्द टाकायचे. आता काय टाकतात? "आम्ही सहा जण आहोत, आई ७२ वर्षांची आहे तिला जिने जमत नाहीत, दोघं शाकाहारी आहेत, समुद्र चालत जाण्याइतका जवळ पाहिजे, कुडाळ स्टेशनवरून यायचं आहे." एवढं सगळं एका दमात. आणि एआय मोड काय करतं तर अशा एका प्रश्नाचे छोटे छोटे अनेक प्रश्न करतं, ते सगळे एकाच वेळी शोधतं आणि सापडेल त्याची मोळी बांधून उत्तर देतं. गुगल त्याला फॅन-आउट म्हणतं. म्हणजे तळमजल्यावर खोली कुठे आहे हा एक शोध, शाकाहारी जेवण वेगळं कोण करतं हा दुसरा, कुडाळहून कसं यायचं हा तिसरा. आता मला सांगा, आपल्यापैकी कितीजणांच्या वेबसाइटवर "तळमजल्यावर दोन खोल्या आहेत, दाराशी एकच पायरी आहे" हे वाक्य लिहिलेलं आहे? निसर्गरम्य मात्र सगळीकडे आहे.

आणि हे प्रश्न शोधायला कुठल्या कोर्सला जायची गरज नाही हो. तुमचा व्हॉट्सअॅप उघडा. गेस्ट बुकिंगच्या आधी काय काय विचारतात? गाडी दारापर्यंत येते का, सेव्हन सीटर वळते का. कमोड आहे का. लाइट गेली तर इन्व्हर्टरवर एसी चालतो की फक्त पंखा. कुठल्या कंपनीचं नेटवर्क येतं, कारण साहेबांना सोमवारी सकाळी मीटिंग आहे. ड्रायव्हरच्या झोपण्याची सोय. लहान मुलासाठी दूध मिळेल का, तिखट कमी करून द्याल का. शाकाहारी जेवणाची भांडी वेगळी असतात का, हा प्रश्न तर जैन मंडळी हमखास विचारतात आणि त्यात काही चूक नाही. सुरमईची थाळी केवढ्याला, आणि सुरमई नसली तर काय. रात्री अकराला पोचलो तर जेवण मिळेल का. कुत्रा आणला तर चालेल का. सीझनला तुम्ही ही उत्तरं दिवसभर टाइप करत बसता, एकेकाला, आणि वेबसाइटवर यातलं एक अक्षर नाही. तीच उत्तरं, तशीच्या तशी, तुमच्याच बोलीत एका पानावर टाका ना. "इन्व्हर्टरवर एसी चालत नाही, पंखे आणि लाइट चालतात" असं स्पष्ट. लोक म्हणतात अरे असं लिहिलं तर गिऱ्हाईक जाईल. ज्याला एसीशिवाय चालत नाही तो जाईलच, आणि आज गेलेला बरा, मे महिन्यात रात्री दोनला उठून एक स्टार देण्यापेक्षा.

दुसरी गोष्ट, मशीनला शिळं आणि ताजं यातला फरक नीट कळत नाही, आणि आमच्या कोकणात तर अर्ध्या गोष्टी महिन्यामहिन्याला बदलतात. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, गाड्यांच्या वेळा बदलतात, पण नेटवर पडलेली बरीच माहिती उन्हाळ्यातली. किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या पावसाळ्यात बंद असतात, वॉटर स्पोर्ट्स बंद असतात, जून-जुलैत यांत्रिक मासेमारीवर बंदी असते, तरी तयार करून दिलेल्या "तीन दिवस दोन रात्री" प्लॅनमध्ये जुलैत स्कूबा आणि ताजे मासे असं बिनधास्त लिहून येऊ शकतं आणि तो प्लॅन घेऊन माणूस जेट्टीवर उभा राहतो. दोष मशीनचा की आपला? मला विचाराल तर आपला जास्त. "जुलैत मालवणला आलात तर काय मिळेल आणि काय मिळणार नाही" असं पान इथल्या माणसाने लिहिलेलं असायला पाहिजे की नको? होड्या नाहीत पण धबधबे आहेत, भातलावणी आहे, खाडीची आणि गोड्या पाण्याची मासळी मिळते, खोली निम्म्या दरात आहे. हे लिहायला काय हरकत आहे?

याहून भारी उदाहरण म्हणजे आंगणेवाडी. भराडी देवीच्या जत्रेची तारीख पंचांगात नसते, तिथीवर नसते, दरवर्षी देवीला कौल लावून ठरते. ती जाहीर होईपर्यंत जगातल्या कुठल्याच कॉम्प्युटरला ती माहीत असणं शक्य नाही. आणि ज्या दिवशी ठरते त्या दिवशी मुंबईतल्या चाकरमान्यांचे हात एकदम फोनवर जातात, रेल्वेचं रिझर्व्हेशन, एसटी, राहायला कुठे, सगळं त्याच संध्याकाळी शोधलं जातं. तारीख कळल्याकळल्या ज्याने आपल्या पानावर आणि गुगल प्रोफाइलवर "या वर्षीची जत्रा अमुक तारखेला, आमच्याकडून आंगणेवाडी इतके किलोमीटर, त्या रात्री जेवण मिळेल, गाडी लावायला जागा आहे" एवढं टाकलं, त्याला शोधणारी माणसं खरी गिऱ्हाईकं आहेत. उलट गेल्या वर्षीची तारीख तशीच पानावर पडून राहिली तर एआय ती उचलून लोकांना सांगू शकतं, आणि शिव्या तुम्हाला.

संधी वाया घालवायचं एक उदाहरण जुलै २०२५ चं. युनेस्कोच्या यादीत आपले बारा किल्ले गेले, त्यात सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग ही आमची कोकणची मंडळी. अभिमान आहेच. पण लगेच सगळ्यांनी त्या बातमीचीच कॉपी आपापल्या वेबसाइटवर डकवली. बातमी सांगायला वर्तमानपत्रं आहेत की. विजयदुर्ग बघायला येणाऱ्याला हवंय ते हे, की मालवणहून गाडीने किती वेळ लागतो, वाटेत कुणकेश्वर करता येईल का, दुपारी किल्ल्यावर सावली आहे का, खाली जेवायला कुठे थांबायचं. हे तुम्हाला पाठ आहे. लिहा.

आता एक चीड आणणारा प्रकार. "तुमचं होमस्टे चॅटजीपीटीमध्ये नंबर वन आणून देतो" असं पॅकेज विकणारे फिरतायत, एआयच्या उत्तरात आणून द्यायच्या कामाला जीईओ, एईओ अशी काहीतरी नावं सांगतात, वर एक खास फाइल वेबसाइटवर टाकायचे वेगळे पैसे. गुगलने स्वतः लिहून ठेवलंय की एआयच्या उत्तरात येण्यासाठी वेगळी फाइल किंवा वेगळं कोडिंग लागत नाही, नेहमीचं नीटनेटकं एसईओ, म्हणजे शोधात वेबसाइट सापडावी म्हणून करायची साधी कामं, तेवढं पुरतं. आणि चॅटजीपीटीत नंबर वन असा प्रकारच नसतो, एकच प्रश्न दोन फोनवर विचारून बघा, दोन वेगळी उत्तरं येतील. ते पैसे वाचवा आणि कोणाकडून तरी तळमजल्याच्या खोलीचे, बाथरूमचे, गेटपासून दारापर्यंतच्या वाटेचे खरेखुरे फोटो काढून घ्या. सूर्यास्ताचे पुरे झाले.

रिव्ह्यूबद्दलही असंच. "फाइव्ह स्टार द्या, सोलकढी फ्री" हे बंद करा, गुगलच्या नियमात बसत नाही आणि रिव्ह्यू उडतात. आपल्याकडे ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १९०००:२०२२ असं मानकही आहे, ऐच्छिक आहे पण दिशा कळते. शिवाय नुसत्या पाच स्टारला आता तेवढा अर्थही नाही. मशीन रिव्ह्यूतले शब्द वाचतं. "नाइस प्लेस" मधून त्याला काहीच मिळत नाही. "आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, काकांनी खालची खोली दिली, बाथरूममध्ये धरायला दांडी होती" हा एक रिव्ह्यू शंभर नाइस प्लेसला भारी. काय लिहायचं ते आपण सांगायचं नाही, पण निघताना "काय आवडलं, काय नाही ते जरा सविस्तर लिहा" एवढं म्हणायला जातंय काय? आणि वाईट रिव्ह्यूला उत्तर देताना त्या गेस्टची आयमाय काढू नका प्लीज, ते उत्तर पुढचे दोनशे लोक वाचतात.

इन्स्टावाल्यांसाठी पण एक. १० जुलै २०२५ पासून प्रोफेशनल अकाउंटच्या पब्लिक पोस्ट गुगलच्या शोधात येऊ शकतात. आणि आपल्या रीलच्या खाली काय असतं? तीन नारळाचे इमोजी आणि "व्हाइब्स". गावाचं नाव नाही, होमस्टेचं नाव नाही. गुगलने त्याचं काय करायचं? दोन ओळी लिहा, मराठीत लिहिल्या तरी चालतील, उलट मराठीतच लिहा. कोल्हापूर, सांगली, बेळगाव, पुणे इथली पार्टी आपल्याकडे येते, फोनवर मराठीत बोलते, आता तर माइक दाबून मराठीतच शोधते, आणि आपली वेबसाइट बघावी तर सगळी इंग्रजी, तीही कुठल्यातरी मालदीवच्या रिसॉर्टवरून उचललेली.

एक सावधगिरी. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने ऑनलाइन बुकिंगच्या फसवणुकीबद्दल लोकांना सावध केलं होतं, चारधामच्या हेलिकॉप्टर बुकिंगच्या खोट्या वेबसाइट वगैरे. तेव्हापासून ॲडव्हान्स पाठवताना लोक जास्त घाबरतात आणि घाबरलंच पाहिजे. म्हणून तुमचा फोन नंबर गुगलवर, वेबसाइटवर, इन्स्टावर, बोर्डवर सगळीकडे एकच असू द्या, पर्यटन विभागाकडे नोंदणी असेल तर त्याचा फोटो टाका. आणि गुगलवर आपलं प्रोफाइल दर पंधरा दिवसांनी उघडून बघा, कोणीही "बदल सुचवा" करून नंबर बदलायचा प्रयत्न करू शकतो. शिवाय सगळं दुसऱ्याच्या घरात ठेवू नका. गुगलने फुकट दिलेल्या त्या छोट्या वेबसाइट आठवतात? मार्च २०२४ मध्ये बंद केल्या, कित्येकांच्या व्हिजिटिंग कार्डावर अजून तोच पत्ता छापलेला आहे.

राहता राहिले ओटीए, म्हणजे कमिशन घेऊन ऑनलाइन बुकिंग करून देणारे बुकिंग डॉट कॉमसारखे. त्यांना शिव्या घालायची आपल्याकडे फॅशन आहे, १५ टक्क्यांपासून पुढे कमिशन घेतात, खरं आहे. पण पुढचा खेळ बघा. ऑक्टोबर २०२५ मध्ये चॅटजीपीटीच्या आतच बुकिंग डॉट कॉम आणि एक्स्पीडियाची ॲप आली, म्हणजे गप्पा मारता मारता हॉटेल शोधायचं. गुगलही त्याच वाटेवर आहे. अशा ठिकाणी मशीन आधी त्याच्याकडे जाणार ज्याच्याकडे खोली आज रिकामी आहे की नाही आणि दर किती हे लगेच कळतं. देवबागच्या चार खोल्यांच्या घराची माहिती काकांच्या वहीत असते, वही काकांच्या खिशात, आणि काका समुद्रावर. त्यामुळे ओटीएला पूर्ण रामराम ठोकणाऱ्यांशी मी सहमत नाही. चारपैकी एखादी खोली तिथे ठेवा, कॅलेंडर अपडेट ठेवा, ते तुमची जाहिरात समजा. जमल्यास चॅनल मॅनेजर (सगळ्या साइटवरचे दर आणि रिकाम्या खोल्या एकाच ठिकाणाहून अपडेट करणारं सॉफ्टवेअर) घेऊन गुगलच्या फुकटच्या बुकिंग लिंकमध्ये शिरा, २०२१ पासून त्या सुरू आहेत आणि आपल्याकडे अजून कोणी फारसं वापरत नाही. बाकीच्या तीन खोल्या फोनवर, जुन्या गेस्टना. त्यांच्या नंबरांची यादी करा, त्यांना विचारून करा, आणि मार्चमध्ये आंबा सुरू झाला की मेसेज टाका. त्या यादीवर ना गुगलचं काही चालतं ना एआयचं.

प्रश्न असतील तर खाली विचारा, पण "भावा माझी वेबसाइट बघून सांग" असं लिहून लिंक टाकणाऱ्यांनो, आधी तळमजल्यावर खोली आहे की नाही ते त्यावर लिहा, मग बघतो.