भाडेकरू गेला, काका गेले. बिल आहे तिथेच आहे

आज सकाळी वरच्या मजल्यावरच्या काकू घरपट्टीचं बिल घेऊन खाली आल्या. बिलावर नाव काकांचं. काकांना जाऊन चौदा महिने झाले. वापराच्या रकान्यात 'भाड्याने' असं छापलेलं. भाडेकरू घर सोडून गेला त्याला दोन वर्षं होऊन गेली. तेव्हापासून त्या घरात काका-काकू राहत होते, आता एकट्या काकू राहतात. वर्षाची रक्कम 36,288 रुपये. यायला हवं होतं 7,031.

काकूंनी एवढंच विचारलं, "यात माझं काय चुकलं?"

काकू, तुमचं काहीही चुकलेलं नाही. मनपाचं नाव इथे लिहीत नाही, कारण हा प्रकार एका शहराचा नाही.

आधी हिशोब मांडतो. ज्या मनपांमध्ये अजून करपात्र मूल्यावर आकारणी होते, तिथे घराचं वार्षिक भाडं धरतात, त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा करतात (ही वजावट कायद्यातच आहे, मेहेरबानी नव्हे) आणि उरलेल्या रकमेवर सगळ्या करांचे टक्के लावतात. काकूंचं घर 620 चौरस फूट चटई क्षेत्राचं (भिंती सोडून आतली वापराची जागा). घरमालक स्वतः राहत असेल तर त्या गटातल्या इमारतीला महिना अडीच रुपये चौरस फूट दर आहे. म्हणजे महिन्याला 1,550, वर्षाला 18,600, दहा टक्के वजा जाता 16,740. सगळे कर मिळून 42 टक्के. झाले 7,031. भाडेकरू असताना मात्र दर नाही, प्रत्यक्ष भाडं धरलं जातं. करारात महिना 8,000 होते. वर्षाचे 96,000, वजावट जाऊन 86,400, त्याचे 42 टक्के 36,288. तुमच्या शहरात दर वेगळे, टक्के वेगळे, पण गणिताच्या पायऱ्या याच. बिल आणि कॅल्क्युलेटर घेऊन दहा मिनिटं बसा.

भाडेकरू होता तेव्हा काकांनी ही पूर्ण रक्कम दरवर्षी भरली. करार नोंदणीकृत होता, काहीही लपवलं नव्हतं. भाडेकरू गेल्यावर पंधरा दिवसांत त्यांनी लेखी अर्ज दिला. त्या अर्जाची पोच काकूंच्या पिशवीत आहे, आवक क्रमांकासकट. तपासणीला आजवर कुणीही आलेलं नाही. गेल्या वर्षीही काकांनी 36,288 भरले, "पुढच्या बिलात बघू" म्हणून. पुढचं बिल यायच्या आत ते गेले.

आणि खरा राग येतो तो इथून पुढे.

काकू चालू बिल भरायच्या थांबल्या, कारण दुरुस्ती होईल असं त्यांना वाटलं. थांबलेल्या रकमेवर महिन्याला 2 टक्के शास्ती लागते. सहामाहीचे 18,144 थकले की महिन्याला 363 रुपये, पूर्ण वर्षाचे थकले की 726. नोंद चुकीची कुणाची? त्यांची. अर्ज पडून आहे कुणाकडे? त्यांच्याकडे. दंड कुणाला? काकूंना. चोर सोडून संन्याशाला फाशी यालाच म्हणतात ना?

दुरुस्तीसाठी काकू कार्यालयात गेल्या, तर उत्तर मिळालं की अर्जदाराचं नाव नोंदीत नाही, आधी नाव बदलून आणा. नाव बदलायला गेल्या, तर थकबाकी शून्य असल्याशिवाय हस्तांतरण होत नाही. थकबाकी कसली, तर त्याच चुकीच्या बिलाची. चुकीची रक्कम भरल्याशिवाय नाव लागत नाही आणि नाव लागल्याशिवाय रक्कम बरोबर होत नाही. अडुसष्ट वर्षांच्या बाईने दोन जिने चढून, रांगेत उभं राहून हे ऐकायचं.

कर भरायला आपल्यातल्या कुणाचीच ना नाही. ते इथे सांगायचीही गरज नाही. जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यावर मुंबईची जकातही संपली. शहराच्या हातात स्वतःचं असं मोठं उत्पन्न उरलंय ते घरपट्टीचंच. रस्त्यावरचा दिवा, कचऱ्याची गाडी, अग्निशमनाचा बंब त्यातूनच चालतो. म्हणून तर नोंदवही स्वच्छ हवी! ज्या वहीवर शहर चालतं, तिच्यात मेलेल्या माणसाचं नाव आणि गेलेल्या भाडेकरूचं भाडं कसं काय राहतं?

हो, लोकही भाडेकरू ठेवून 'स्वतः राहतो' असं लिहून देतात. मान्य. त्यांना पकडा. काका त्यातले नव्हते.

आता बिलात काय बघायचं ते लिहितो, कारण आज काकूंबरोबर ओळ न् ओळ वाचताना लक्षात आलं की बहुतेकजण फक्त खालची बेरीज बघतात.

पहिलं क्षेत्रफळ. बिलावर ते बहुधा चौरस मीटरमध्ये असतं. एक चौरस मीटर म्हणजे 10.764 चौरस फूट. काकूंचे 620 फूट म्हणजे 57.6 मीटर. खरेदीखतातलं चटई क्षेत्र आणि बिलातलं क्षेत्र ताडून बघा. चटईच्या जागी बांधीव (भिंतींसकट) क्षेत्र धरलं असेल तर साधारण वीस टक्के फुगलेलं दिसेल. उघडी गच्ची किंवा वाहनतळ खोलीच्या दराने धरलेला असणं ही तर नेहमीची चूक. मुंबईत याचा फटका फार मोठा बसतो. तिथे 2010 पासून भांडवली मूल्यावर, म्हणजे भाड्याऐवजी घराच्या किमतीवर, आकारणी आहे आणि 1 जानेवारी 2022 पासून 500 चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना मालमत्ता कर माफ आहे. 500 फूट म्हणजे 46.45 मीटर. नोंदीत 47 लागले की माफी गेली. अर्ध्या मीटरसाठी पूर्ण बिल.

दुसरा वापर. निवासी की बिगरनिवासी, स्वतः की भाड्याने. एक खूण सांगतो: रोजगार हमी कर फक्त बिगरनिवासी जागेला लागतो. राहत्या घराच्या बिलात त्या ओळीसमोर आकडा दिसला, तर तुमच्या नोंदीत कुठेतरी दुकान किंवा ऑफिस शिरलंय. त्या एका ओळीवरून चूक सापडते. शिक्षण कर मात्र निवासी घरालाही असतो. राज्याचा वेगळा आणि काही ठिकाणी मनपाचा वेगळा, त्यामुळे तो दोनदा दिसला म्हणून लगेच भांडायला जाऊ नका.

तिसरी सवलत. वेळेत भरल्यावर मिळणारी सूट बहुतेक ठिकाणी फक्त सामान्य करावर असते, पूर्ण बिलावर नाही. पुण्यात स्वतः राहणाऱ्याला 40 टक्के सवलत आहे, पण नोंद नसेल तर पीटी-3 अर्ज द्यावा लागतो. माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा यांच्यासाठी 2020 पासून राज्याची करमाफीची योजना आहे. तीही अर्ज केल्याशिवाय लागत नाही. घर रिकामं असेल तर तसं लेखी कळवलेल्या तारखेपासूनच सूट मोजली जाते, कुलूप लावलं त्या दिवसापासून नाही. म्हणजे मिळणारं सगळं मागून घ्यायचं, आणि लागणारं आपोआप लागतं. मला हेच पटत नाही. जन्म-मृत्यूची नोंद त्याच मनपात होते. काकांचा मृत्यूचा दाखला त्याच इमारतीतून मिळालाय! दोन खोल्या सोडून बसलेल्या करसंकलन विभागाला तो पुन्हा प्रत काढून काकूंनीच न्यायचा?

गाडीचं बघा. आपल्याकडे खाजगी गाडीचा कर खरेदीच्या वेळी एकदाच भरतो. टक्केवारी किमतीवर आणि इंधनावर ठरते, दरवर्षी बिल येत नाही. पंधरा वर्षांनी नोंदणी वाढवताना पर्यावरण कर. भार कमी आहे असं मी म्हणत नाही, पण आकडा आधी माहीत असतो. मालक वारला तर वारसाने तीन महिन्यांत नमुना 31 भरून गाडी नावावर करायची, हे कायद्यात सरळ लिहिलंय. काकांची स्कूटर काकूंच्या नावावर झालीसुद्धा. ती त्या चालवतही नाहीत. ज्या घरात झोपतात त्याच्या बिलावर अजून काका.

एवढं लिहून थोडा शांत झालोय. खिडकीवरच्या मुलीबद्दलही लिहायला हवं. काकू सांगत होत्या, तिने खुर्ची दिली, संगणकावर नोंद उघडून दाखवली आणि हळूच म्हणाली, "आजी, आधी नाव लावून घ्या, बाकीचं मग सोपं जाईल." तिच्यामागे फायलींचा ढीग आणि एका निरीक्षकाकडे अख्खा प्रभाग. ती तरी काय करणार. माझा राग तिच्यावर नाही. रकाना बदलायला माणूस घरी यावा लागतो, आणि माणूसच नेमलेला नाही, यावर आहे.

पण मग शास्ती तरी थांबवा ना. अर्जावर निर्णय होईपर्यंत वादातल्या रकमेवर 2 टक्के धरू नका, एवढं एक वाक्य नियमात घाला. अभय योजना आणून वर्षानुवर्षं बुडवणाऱ्यांची शास्ती माफ करता येते, तर पोच हातात असलेल्या बाईची का नाही? तिजोरीत पैसे येतात म्हणून त्या योजना लागतात, हे कळतं. तरी वेळेवर भरणाऱ्याला दरवेळी मूर्ख ठरवलं जातं.

तर काकूंसाठी ठरलं ते असं. कुणाच्या घरी हीच अडचण असेल तर उपयोग होईल.

आधी रक्कम भरायची, पण हरकत नोंदवून. पावतीसोबत त्याच दिवशीचं पत्र: "सदर रक्कम हरकतीसह भरत आहे, आकारणी मान्य नाही." पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक. याने शास्ती थांबते आणि हक्कही सुटत नाही. न्यायालयात अपील करायची वेळ आली तरी मागणीची रक्कम आधी भरलेली असावीच लागते, आणि मुदत 15 दिवसांची असते. बिल कपाटात ठेवून महिन्याने जाग आली तर तो दरवाजा बंद झालेला असतो. आकारणी वाढवल्याची विशेष नोटीस आली तर तिच्यावर हरकतीची मुदत छापलेली असते. ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा.

मग नाव. मृत्यूचा दाखला, खरेदीखत आणि इंडेक्स दोन (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), वारसांचं प्रतिज्ञापत्र किंवा वारस दाखला, बाकी वारसांची संमती, सोसायटीच्या भाग दाखल्यावर (शेअर सर्टिफिकेट) नाव लागलं असेल तर त्याची प्रत, आणि आत्ताच भरलेली पावती. सोसायटीत नाव आधी लावून घ्या, त्याने काम हलकं होतं. एक लक्षात ठेवा, घरपट्टीवर नाव लागलं म्हणजे मालकी सिद्ध होत नाही. आणि विनापरवाना खोलीला कर लागला म्हणून ती खोली अधिकृतही होत नाही. हे दोन गैरसमज घेऊन भावंडं कोर्टात जातात.

नावाबरोबर त्याच दिवशी वापर बदलाचा अर्ज. भाडेकरार संपल्याची प्रत, काकूंच्या नावाचं वीजबिल, आधार, सोसायटीचं 'सदनिकेत सभासद कुटुंब स्वतः राहते' असं पत्र, आणि सगळ्यात वर काकांच्या जुन्या अर्जाची पोच. दुरुस्ती त्या पोचेच्या तारखेपासून मागायची, आजपासून नाही. गेल्या वर्षी जास्तीचे गेलेले 29,257 आणि यंदाचे तेवढेच पुढच्या बिलांत समायोजित करा, असं आकड्यानिशी लिहायचं. 'योग्य ती कार्यवाही करावी' एवढ्यावर सोडलं तर काहीच होत नाही.

अर्ज अडकला तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015. हस्तांतरणाची नोंद अधिसूचित सेवांमध्ये आहे, तिला ठरलेले दिवस आहेत. ते उलटले की पहिलं अपील, मग दुसरं, मग आयोग. कारण नसताना अडवणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. आणि काकांच्या जुन्या अर्जाचं काय झालं, हे विचारायला माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज. उत्तराला 30 दिवस.

नगरपालिकेच्या हद्दीत असाल तर दर चार वर्षांनी फेरआकारणी होते, त्या वर्षी हरकतीच्या यादीकडे डोळे लावून बसा. ग्रामपंचायतीत नमुना 8 चा (घराच्या कर आकारणीच्या नोंदीचा) उतारा काढून बांधकामाचा प्रकार बघा. पत्र्याच्या घराला स्लॅब लिहिलेला असतो.

काकूंचे दोन्ही अर्ज मघाशी लिहून झाले. प्रत्येकी दोन प्रती. 36,288 चा धनादेश त्यांनी स्वतः लिहिला, हात थोडा थरथरत होता. मग बिलावरच्या काकांच्या नावावरून बोट फिरवून म्हणाल्या, "एवढं एक बिल जपून ठेवते. पुढच्यावर ते नसतील ना." उद्या साडेदहाला खिडकी उघडते. सोबत जाणार आहे.