चेंजिंग रूममध्ये कॅमेरा लावला की झालं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं असं: मुलांच्या सुरक्षेसाठी क्लबमध्ये इतके नियम लावणं म्हणजे कोचवर संशय घेणं, चांगली माणसं अशानं टिकणार नाहीत; त्यापेक्षा चेंजिंग रूममध्ये एक कॅमेरा लावा आणि एक मोठं माणूस आत उभं करा. नेमके हेच दोन उपाय करू नयेत. जलतरण तलावाच्या उन्हाळी बॅचवरून सांगतो.

मुलं कपडे बदलतात तिथं कॅमेरा लावायचा म्हणजे त्यांचं उघड्या अंगाचं चित्रण क्लबनं स्वतःच साठवायचं. डीव्हीआरचा, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्राचा, पासवर्ड अनेकदा बसवणाऱ्यानं ठेवला तोच राहतो. हेतू कितीही चांगला असो, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई (खासगीपणाचा भंग) आणि पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा, आड येऊ शकतात. कॅमेरा हवा तो बाहेर, दाराकडे तोंड केलेला. कोण कधी आत गेलं आणि किती वेळानं बाहेर आलं, एवढं कळलं की पुरे. दार उघडल्यावर आतलं दिसत असेल तर आतून चार-पाच फुटांवर आडोशाची भिंत घाला किंवा जाड पडदा लावा.

आत एकटं मोठं माणूस असेल तर काही घडलं, किंवा घडल्याचा आरोप झाला, तरी साक्षीदार कुणीच नसतो. मुलाच्या बाजूनं नाही आणि त्या माणसाच्याही नाही. म्हणून दोघं जण, मुलींसाठी दोन बायका, दाराबाहेर; दार बोटभर किलकिलं, आतला आवाज कानावर पडेल इतकं. भांडण जुंपलं तर दार वाजवायचं, ‘आत येतोय’ असं मोठ्यानं सांगायचं, टॉवेल गुंडाळण्यापुरतं थांबायचं, दोघांनी मिळून जायचं आणि वेळ व कारण वहीत लिहायचं. कुणी घसरून पडलं असेल तर अर्थातच थांबायचं नाही.

दोन बॅचमध्ये १५ मिनिटं मोकळी ठेवा, म्हणजे मुलं आणि प्रौढ सभासद एकाच वेळी आत नसतील. (हे अंतर सगळ्यात आधी कापलं जातं, कारण अशी अंतरं वाचवली की आणखी एक बॅच बसते.) कोचनं मुलांसोबत शॉवर घेऊ नये, हे वेगळं सांगायला नको, पण सांगावं लागतं.

तुम्ही धोका फक्त कोचकडून धरलात. रोजचा जाच बहुधा मुलांकडूनच मुलांना होतो: टॉवेल ओढणं, कपडे लपवणं, लहानग्याला शॉवरखाली कोंडणं, मोबाईलवर फोटो काढणं. आठ वर्षांचा आणि सोळा वर्षांचा एकत्र पाठवू नका. ‘मोबाईल बॅगेत ठेवा’ हा नियम चालत नाही, कारण बॅग आत जातेच. दाराबाहेर नंबर टाकलेल्या खणांचं कपाट ठेवा. मुलांच्या काही घड्याळांतही कॅमेरा असतो, तीही तिथंच.

आता संशयाचं. पॉक्सो नियम, २०२० मध्ये क्रीडा अकादमींचं नाव घेऊन प्रत्येक कर्मचाऱ्याची ठरावीक काळानं पोलीस पडताळणी सांगितली आहे, कंत्राटी असला तरी. सुटतात ते हंगामी लाईफगार्ड आणि सफाई कर्मचारी. पण पडताळणीत नोंद झालेलंच दिसतं. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर याच्या लैंगिक अत्याचाराबद्दल १९९० च्या दशकातच मुलींनी सांगितलं होतं; त्याला शिक्षा झाली २०१७-१८ मध्ये. मधल्या काळात त्याचं नाव मोठं होतं, आणि तेच त्याच्या कामी आलं.

तक्रार आली की ‘आधी क्लबच्या समितीत बघू’ हेही नको. पॉक्सोच्या कलम १९ नुसार गुन्हा घडल्याचं कळलं किंवा घडेल अशी भीती वाटली तरी पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे; हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखानं कळवला नाही तर एक वर्षापर्यंत कैद. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. मदतीसाठी १०९८ ही मुलांची हेल्पलाइन. मुलाची उलटतपासणी घेऊ नका. ते बोललं ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहा आणि सही करा. आणि त्याचं नाव पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाऊ देऊ नका, आपुलकीच्या चौकशीपोटीसुद्धा.