23 वॉटचं ऊन

समोरच्या चाळीचा टॉवर झाला आणि आमच्या पहिल्या मजल्यावरच्या खिडकीतलं ऊन कायमचं गेलं. कुंडीतल्या कोथिंबिरीने आठवडाभरात मान टाकली. त्याच सुमारास माळ्यावर सीएफएलची पिशवी सापडली. एलईडी आले तेव्हा उतरवलेले चार दिवे, 23 वॉटचे, पांढऱ्या उजेडाचे. आमच्या घरात चालू वस्तू टाकत नाहीत. शिवाय यांच्या पोटात पारा, म्हणजे कचऱ्यातही टाकता येत नाहीत. कंजूषपणाला शास्त्रीय सबब मिळाली की तो फार तेजाने झळकतो.

धणे रगडून पेरले. दिवे टांगले पंख्याच्या हुकाला. रोपं उगवली, दिव्यांकडे बघत दोऱ्यासारखी लांबच लांब झाली आणि आडवी पडली. मग कळलं, अंतर दुप्पट झालं की उजेड साधारण चौथाई होतो. हे दिवे रोपांच्या डोक्यावर चार बोटांवर हवेत. होल्डर लाकडी पट्टीला ठोकले आणि पट्टी दोऱ्यांनी लटकवली. रोप वाढलं की दोरा ओढायचा. दिव्याच्या नळीची वेटोळी, उजेड चहूकडे सांडतो. तो वळवायला तिन्ही बाजूंनी पोळ्या गुंडाळायची चंदेरी फॉइल लावली. खिडकीशी गणपतीचं मखर उभं राहिलं. आईने एकदा येता-जाता सवयीने हात जोडलेही.

दिवे सकाळी 8 ते रात्री 12. हिशेब बायकोने केला, न विचारता: चार दिव्यांचे 92 वॉट, 16 तास, दिवसाला दीड युनिट, महिन्याला 44. एवढ्यात पीक आलं एका वेळच्या पोह्यांपुरतं, तेही नुसतं वरून भुरभुरायला. आमची भाजीवाली मिरच्यांवर यापेक्षा जास्त कोथिंबीर फुकट टाकते.

दिवे उतरवणारच होतो. तेवढ्यात वाण्याकडे टॉवरमधल्या वहिनी भेटल्या.

"तुमच्याकडे कोण दहावीला आहे हो? रात्री बारापर्यंत दिवा असतो. आमच्या चिरंजीवांना रोज खिडकीत उभं करून दाखवते. म्हटलं, बघ, अभ्यास असा करतात! तुमचा दिवा बंद झाल्याशिवाय आता उठत नाही तो."

"कोथिंबीर" म्हणायला तोंड उघडलं होतं. "पुतण्या," म्हणालो.

कुंडी रिकामी आहे. दिवे चालू आहेत. परीक्षा मार्चमध्ये आहे.