नाश्त्याचा हप्ता

अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीत राहायचं आणि ब्रेकफास्ट बरीटो (टॉर्टियात, म्हणजे मैद्याच्या पातळ पोळीत, गुंडाळलेली अंडी, बटाटा, चीज आणि मिरची) खायचा नाही हे म्हणजे कोल्हापुरात राहून मिसळीला नाही म्हणण्यासारखं आहे, जमतं बहुतेक काही लोकांना पण त्यांच्याशी मैत्री कोण करणार! सँटा फे गावातलं टिया सोफियाज हे रेस्टॉरंट तर सांगतं की हे नाव १९७५ साली मेन्यूवर पहिल्यांदा आम्हीच छापलं. आणि ‘लाल की हिरवी?’ हा न्यू मेक्सिकोचा चक्क अधिकृत राज्यप्रश्न आहे, राज्यपक्षी असतो तसा. म्हणजे कुठली चिली, मिरचीची चटणी, घालू. दोन्ही हव्या असतील तर ‘ख्रिसमस’ म्हणायचं.

मी हिरवीवाला. ऑगस्ट-सप्टेंबरात इथे सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये जाळीच्या गोल पिंपात हॅच गावच्या मिरच्या गॅसच्या ज्वाळेवर गरागरा फिरवून भाजतात, सालं काळी होऊन फटाफट फुटतात आणि तो वास काचा बंद असल्या तरी गाडीत घुसतोच. मग दूध आणायला गेलेला माणूस दूध सोडून भलतंच घेऊन येतो.

तर बायकोने एक कॅलरीचं ऍप घेतलंय. एका रविवारी मी फॉइल सोलून पहिला घास घेतोय तोवर ही समोर बसून हिशोब मांडायला लागली. बारा इंची मैद्याचा टॉर्टिया, ३००. (आपला फुलका ७०-८० चा, बिचारा!) तीन अंडी २१०, चीज १७०, बेकनच्या दोन पट्ट्या ९०, तळलेला बटाटा १५०, वर तव्यावरचं तेल ४०. एकूण ९६०. मी म्हटलं, अगं मिरची राहिली. तर म्हणे मिरचीत कॅलरी जवळपास नसतातच. म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी मी हे सगळं खातो तीच तेवढी निर्दोष, आणि बाकीची मंडळी नुसती पंगतीला बसलेली.

आता हे फेडायचं कसं? माझं वजन ८० किलो, भरभर चाललो तर तासाला साधारण ३२० कॅलरी जातात. म्हणजे तीन तास. ठीक आहे म्हटलं, दुपारपर्यंत मोकळा होईन. पण बायको इंजिनियर आहे. ती म्हणाली, ‘अरे, नुसता सोफ्यावर पडलास तरी तासाला ८० जातातच, ते त्या ३२० मधून वजा कर.’ उरले २४०. तीनाचे चार तास झाले! ट्रेडमिलवर जो आकडा दिसतो त्यातही बहुतेक वेळा हे सोफ्यावरचे ८० धरलेले असतात, हे कळल्यापासून माझा त्या मशीनवरचा विश्वासच उडालाय. धावलो तर लवकर फिटेल हे मलाही कळतं, पण हे गाव समुद्रसपाटीपासून पाच हजार फुटांच्या वर आहे, इथे मला जिना चढून बोलायचं म्हटलं तरी आधी थांबावं लागतं.

आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर ती म्हणाली, ‘मग दुपारी जेवू नकोस, संपलं.’ चार तासांच्या चालण्यापुढे हा उपाय सरळ वाटतो, फक्त बारा वाजेपर्यंतच.

शेवटी सांदियाच्या डोंगरावर ला लूझ ट्रेलने चढायचं ठरलं. सात-आठ मैलांची चढण, तीन हजार फुटांहून जास्त, म्हणजे बरीटो फिटून वर थोडी शिल्लकही पडेल असा माझा हिशोब. तर बायको म्हणाली, एवढं चढायचं तर पोटात काहीतरी हवं. वाटेत गाडी थांबवून एकच बरीटो घेतला, हिरवी घालून. तिला नको होता, ती फक्त टेस्ट करणार होती. टेस्ट करता करता माझ्या हातात बुडाचा तुकडा आणि फॉइल उरलं. ऍपमध्ये मात्र अख्खा बरीटो माझ्या नावावर.