मामांच्या कॉम्प्युटरचं अपडेट बंद करणाऱ्या त्या मेसेजबद्दल

‘घरच्या कॉम्प्युटरचे सात सोन्याचे नियम, निवृत्त सायबर अधिकाऱ्याने सांगितलेले’ असा एक लांबलचक मेसेज सध्या कोल्हापुरात पेन्शनरांच्या, तालमींच्या, अपार्टमेंटच्या ग्रुपांवर फिरतोय. अधिकाऱ्याचं नाव नाही, खातं नाही, गाव नाही. मला आला तेव्हा नेहमीसारखा सोडून दिला होता. पण मंगळवार पेठेतल्या आमच्या मामांनी त्यातला पहिला नियम लगेच अमलात आणला आणि वर मलाच फोन करून म्हणाले, “तू पण बंद करून टाक, लई फरक पडतोय.” आता गप्प बसणं शक्य नाही.

ते सात नियम थोडक्यात असे. विंडोजचं अपडेट कायमचं बंद करा. अँटीव्हायरस एक नको, दोन टाका. रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, सोळा जीबी करा. ब्रॉडबँड किमान तीनशे एमबीपीएस वेगाचं घ्या. बँकेचं काम इन्कॉग्निटोमध्येच, म्हणजे ब्राउझरच्या खासगी खिडकीतच करा. विंडोज १० वरचा कॉम्प्युटर भंगारात काढा. आणि स्क्रीनवर व्हायरसचा इशारा आला तर तिथं दिलेल्या नंबरवर ताबडतोब फोन करा.

पहिला आणि सहावा नियम शेजारी ठेवून वाचा. पहिल्यात अपडेट म्हणजे विष. सहाव्यात अपडेट मिळत नाहीत म्हणून मशीन भंगार. लिहिणाऱ्यानं स्वतःचा मेसेज तरी शेवटपर्यंत वाचायचा होता.

अपडेटबद्दल मेसेज म्हणतो की कंपनी मुद्दाम अपडेट पाठवून तुमचा कॉम्प्युटर हळू करते, म्हणजे तुम्ही नवा घ्याल. मामांनी मेसेजमध्ये सांगितल्याप्रमाणे ‘सर्व्हिसेस’ची, म्हणजे विंडोजच्या पोटात चालणाऱ्या कामांच्या यादीची खिडकी उघडली, विंडोज अपडेटच्या ओळीवर जाऊन ‘डिसेबल्ड’ केलं आणि समाधानानं चहा घेतला. मी जाऊन बघितलं तर विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, म्हणजे डिफेंडर, जुनी यादी घेऊन बसलेला. नवनव्या व्हायरसांची ओळख पटवणारी त्याची यादी सहसा याच अपडेटच्या वाटेनं येते, हे मेसेजमध्ये कुठंच नाही. म्हणजे मामांनी अपडेटचं दार बंद केलं आणि फुकटचा राखणदारही घरी पाठवला.

मामांचं म्हणणं, “मी काही उघडतच नाही. ई-मेल बघायचं, पेन्शनचा मेसेज बघायचा, बास. मला कोण कशाला त्रास देईल?” यावर वॉनाक्राय नावाच्या व्हायरसची गोष्ट सांगतो. १४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोजच्या सुरक्षेतलं एक भोक बुजवणारं अपडेट दिलं. १२ मे २०१७ ला, म्हणजे जवळपास दोन महिन्यांनी, त्याच भोकातून वॉनाक्राय जगभर पसरला. फायली कुलूपबंद करायचा आणि सोडवायला बिटकॉइनमध्ये खंडणी मागायचा. तो पसरायला कुणी काही उघडायची गरज नव्हती. नेटवर्कवर एक मशीन सापडलं की शेजारच्या मशीनवर आपोआप उडी. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढं ढकलाव्या लागल्या. तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयानं ऑक्टोबर २०१७ मध्ये या प्रकरणाचा अहवाल दिला. त्यात स्पष्ट लिहिलंय की संसर्ग झालेल्या सगळ्या आरोग्यसंस्थांच्या मशीनवर एकतर अपडेट टाकलेलं नव्हतं, नाहीतर मुदत संपलेलं विंडोज होतं. ‘सगळ्या’ म्हटलंय, काही नव्हे. औषध दोन महिने आधी आलेलं होतं, फुकट होतं, फक्त घेतलेलं नव्हतं. मामा, तुमचा कॉम्प्युटर आज त्याच रांगेत उभा आहे.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. अपडेट बाहेर पडलं की भोक कुठं होतं ते चोरालाही कळतं. तो ते अपडेट उघडून बघतो आणि ज्यांनी टाकलं नाही त्यांना शोधत फिरतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा एकोणचाळीस फुटांवर गेली की इशारा पातळीचे मेसेज सुरू होतात. ते सारखे वाजतात म्हणून ग्रुप म्यूट केला तर पाणी खाली उतरतं का?

मेसेजला पुरावा म्हणून विमानतळावरच्या निळ्या स्क्रीनचा, म्हणजे विंडोज कोसळल्यावर येते त्या स्क्रीनचा फोटो जोडलाय, खाली ‘अपडेटमुळे जग बंद पडलं’. फोटो खरा आहे, १९ जुलै २०२४ चा. आपल्याकडेही त्या दिवशी हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. पण ते विंडोजचं अपडेट नव्हतंच. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीनं आपल्या सॉफ्टवेअरसाठी एक सदोष फाइल पाठवली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख मशीन आडवी झाली. ते सॉफ्टवेअर मोठ्या कंपन्या विकत घेतात. मंगळवार पेठेतल्या माडीवर ते कुणी टाकलेलं असेल तर मला दाखवा.

बरं, एक मान्य करतो. विंडोजचं अपडेट कधीकधी खरंच घोळ घालतं. मार्च २०२१ च्या अपडेटनंतर काही प्रिंटरांना प्रिंट दिली की निळी स्क्रीन यायची. दुरुस्ती काही दिवसांत आली, पण ज्यांचं काम अडलं त्यांच्या शिव्या रास्तच होत्या. आणि जुन्या हार्ड डिस्कच्या मशीनवर अपडेट उतरत असताना माउस हलवायला जीव नको होतो, हेही खरं. मामांना जो ‘फरक’ पडला तो एवढाच. त्यावर उपाय सेटिंगमध्येच आहे. ‘अ‍ॅक्टिव्ह अवर्स’मध्ये आपली कामाची वेळ घाला, त्या वेळेत मशीन स्वतःहून रिस्टार्ट होत नाही. घोळाची फारच भीती वाटत असेल तर ‘पॉज’ दाबून आठवडाभर थांबा. महिन्याचं मुख्य अपडेट दुसऱ्या मंगळवारी सुटतं, आपल्याकडे तोवर रात्र झालेली असते. आठवड्यात काही बिघाड असेल तर बोंब झालेलीच असते. पण कायमचं बंद? कशासाठी?

दोन अँटीव्हायरसांचं काय बोलायचं. दोघं एकमेकांच्या फायलींवर संशय घेत बसतात आणि मशीन रांगायला लागतं. डिफेंडर चालू असेल आणि अपडेट मिळत असतील तर साध्या घरगुती वापराला तेवढं पुरतं.

रॅमबद्दल अर्धं खरं आहे. चार जीबीवर आज ब्राउझरच धाप टाकतो, आठ करून घ्यावी. पण सोळा करण्याआधी टास्क मॅनेजर, म्हणजे मशीनवर कशाचा किती ताण आहे ते दाखवणारी खिडकी, उघडा आणि ‘डिस्क’चा रकाना बघा. मामांच्या मशीनवर तिथं चालू करताक्षणी शंभर टक्के येतं आणि बराच वेळ हलत नाही. रॅम कितीही ओता, फिरणारी हार्ड डिस्क आहे तोवर ते असंच राहणार. त्यापेक्षा राजारामपुरीतल्या कुठल्याही रिपेअरवाल्याकडून एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवून घ्या. जुना डेटा आधी दुसरीकडे काढून ठेवायला सांगा, तेवढं विसरू नका.

तीनशे एमबीपीएसचा नियम प्लॅन विकणाऱ्यानं लिहिला असावा. नेटफ्लिक्स स्वतः फुल एचडीसाठी पाच एमबीपीएस सांगतं, फोरकेसाठी पंधरा. दोन टीव्ही, दोन मोबाइल धरा, तरी पन्नासचा प्लॅन चिक्कार झाला. व्हिडिओ अडकतो तो बहुतेक वेळा राउटर बाहेरच्या खोलीत टीव्हीमागे कोंबलेला असतो आणि कॉम्प्युटर मधल्या दोन जाड भिंतींपलीकडे, म्हणून. राउटर मध्यभागी, उंचावर, उघड्यावर ठेवा, नाहीतर सरळ लॅन केबल ओढा. शिवाय जुन्या डेस्कटॉपचा लॅन पोर्ट पुष्कळदा शंभर एमबीपीएसचाच असतो, त्यावर तीनशेचा प्लॅन घेऊन वरचे दोनशे कुठून येणार? राउटरचा ‘अ‍ॅडमिन’ हाच पासवर्ड राहिला असेल तर तो बदला, असं एक वाक्य या नियमात असतं तर निदान उपयोग झाला असता.

इन्कॉग्निटोमुळे तुमची हिस्टरी त्या कॉम्प्युटरवर राहत नाही. सायबर कॅफेत कामाचं. मशीनमध्ये आधीच शिरलेल्या व्हायरसपुढं, खोट्या बँकेच्या साइटपुढं त्याचा काडीचा उपयोग नाही.

विंडोज १० चं नियमित समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं, हे बरोबर. मशीन त्या दिवशी बंद पडलं नाही, पडणारही नव्हतं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि ठरावीक प्रोसेसर लागतात, म्हणून धडधाकट मशीनही बाहेर राहिली. कंपनीला नवी मशीन खपवायची आहेत हा संशय इथं मला पूर्ण चुकीचा वाटत नाही. पण घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची सोय ठेवलेली आहे. मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन करून सेटिंगचं बॅकअप चालू केलं तर ती फुकट मिळते. विंडोज अपडेटच्याच पानावर ‘एनरोल’ची ओळ दिसते. अपडेट बंद ठेवलेल्याला अर्थातच त्याचा काही उपयोग नाही.

सातव्या नियमानं मात्र माझं डोकं फिरलं. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो, हे कंपनी स्वतः सांगते. भोंगा वाजवत पूर्ण स्क्रीनभर येणारं, ‘इथे फोन करा’ म्हणणारं ते पान म्हणजे ब्राउझरमधली एक जाहिरात असते. फोन केला की गोड आवाजात एनीडेस्क, म्हणजे तुमचं मशीन लांबून चालवू देणारं सॉफ्टवेअर, टाकायला सांगतात, मग बँकेचं पान उघडायला. रिझर्व्ह बँकेनं या प्रकाराबद्दल फेब्रुवारी २०१९ मध्येच सावध केलं होतं. असं पान आलं तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा आणि टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. नाहीच जमलं तर सरळ पॉवरचं बटण. फोन झालाच असेल आणि पैसे गेले असतील तर लाजत बसू नका. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आणि बँकेला लगेच कळवा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवायचे असतील तर तासाभराचाही फरक पडतो.

ज्यांनी मामांसारखं अपडेट बंद केलंय त्यांनी ‘सर्व्हिसेस’ पुन्हा उघडा, विंडोज अपडेटवर डबल क्लिक करा, ‘डिसेबल्ड’च्या जागी ‘मॅन्युअल’ निवडा, ओके म्हणा. मूळ सेटिंग तेच असतं. मग सेटिंगमध्ये जाऊन ‘चेक फॉर अपडेट्स’ दाबा. बरंच साचलेलं असेल तर वेळ लागेल, एकदोनदा रिस्टार्टही होईल. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवा, आणि टक्के हलत नाहीत म्हणून मध्येच बटण दाबून बंद करू नका.