दुप्पट पोलाद म्हणजे दुप्पट ताकद?

पहिल्या महायुद्धावरचा एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. त्याचा सूर असा: १९१४ साली जर्मनीने ब्रिटनला कधीच मागे टाकलं होतं, पोलाद दुप्पट होतं, लष्कर कितीतरी पट मोठं होतं, ब्रिटन नुसता जुन्या पुण्याईवर जगत होता, आणि अमेरिका मध्ये पडली नसती तर निकाल ठरलेलाच होता. यातले आकडे बरेचसे खरे आहेत, म्हणूनच पंचाईत.

आधी पोलाद. १९१३ साली जर्मनीने सुमारे १ कोटी ७६ लाख टन पोलाद काढलं, ब्रिटनने ७७ लाख टन. दुप्पटही नाही, सव्वादोन पट! रसायनांत आणि विजेच्या यंत्रांत तर ब्रिटन आणखी मागे होता. जर्मन कारखान्यांनी १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि बिहारमधल्या निळीच्या मळेवाल्यांचा धंदा बसला. पण जर्मनीची लोकसंख्या ६ कोटी ७० लाखांच्या आसपास होती, ब्रिटनची साधारण साडेचार कोटी, आणि एवढं असून दोघांचं एकूण उत्पन्न जवळपास सारखंच. म्हणजे दरडोई पाहिलं तर ब्रिटिश माणूसच सधन. जर्मनीतला जवळपास दर तिसरा कामकरी तेव्हाही शेतीत राबत होता.

'जुनी पुण्याई' म्हणजे नेमकं काय, तेही मोजावं. जगातल्या व्यापारी जहाजांपैकी टनांच्या हिशेबाने ४० टक्क्यांहून अधिक ब्रिटनची होती, जर्मनीच्या तिपटीहून जास्त. परदेशांत गुंतवलेला पैसा ४०० कोटी पौंडांच्या घरात. ही ठेव अडीअडचणीला मोडता येत होती, आणि युद्धात अमेरिकेतले रोखे विकून ती मोडलीही.

आता लष्कर. ऑगस्ट १९१४ मध्ये ब्रिटनने फ्रान्समध्ये जेमतेम लाखभर सैनिक उतरवले. जर्मनीने तीस लाखांहून अधिक उभे केले. पण ब्रिटनचं बळ आरमारात होतं. ते गाठायला जर्मनीने १८९८ पासून कायद्यावर कायदे करून जहाजं बांधली आणि तरीही ती मागेच राहिली. पोलाद होतं, गोद्या होत्या, मग अडलं कुठे? माझ्या मते करात, आणि फिरणाऱ्या मजकुरात कराचा उल्लेखच नाही. जर्मन साम्राज्याच्या केंद्र सरकारला प्राप्तिकर लावता येत नव्हता. प्रत्यक्ष कर घटक राज्यांच्या हातात. केंद्राची भिस्त जकातीवर आणि बिअर, साखर, तंबाखू असल्या मालावरच्या करांवर. १९०९ मध्ये वारसा कर वाढवायचा बेत जमीनदारांच्या पक्षाने हाणून पाडला आणि चॅन्सेलर म्हणजे सरकारप्रमुख ब्यूलो यांना जावं लागलं. त्याच वर्षी लंडनमध्ये अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी श्रीमंतांवर जादा कर लावणारा अर्थसंकल्प मांडला. तिथल्या वरिष्ठ सभागृहातल्या लॉर्डांनीही तो फेटाळला. पण १९१० मध्ये निवडणूक झाली, अर्थसंकल्प मंजूर झाला आणि १९११ मध्ये लॉर्डांचा नकाराधिकारच छाटला गेला. आरमाराचे पैसे या करांतून आले. जर्मनीने १९१३ मध्ये लष्कर वाढवलं तेव्हा संपत्तीवर एकदाच घ्यायचा खास कर बसवावा लागला. पुढे युद्धात ब्रिटनने प्राप्तिकराचा मूळ दर साधारण ६ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर नेला. जर्मनीचा भर कर्जरोख्यांवरच राहिला.

त्या तुलनेत आणखी एक रकाना गाळलाय, तो आपला. युद्धात तेरा लाखांच्या आसपास भारतीयांनी ब्रिटनच्या बाजूने सेवा बजावली. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत इथे एप्रिल १९१६ मध्ये शरण जावं लागलेल्या फौजेचं नावच पूना डिव्हिजन, आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. १९१७ मध्ये हिंदुस्थान सरकारने वर १० कोटी पौंड दिले, अर्थात आपल्याला न विचारता. दुसऱ्याच्या खांद्यावरची का होईना, बंदूक ती बंदूकच, मोजायला हवी.

राहिली अमेरिका. १९१६ च्या अखेरीस ब्रिटनचे डॉलर संपत आले होते, हे खरं. पण अमेरिका एप्रिल १९१७ मध्ये उतरली, आणि त्याआधीच्या हिवाळ्यात जर्मन शहरं सलगमवर जगत होती. ब्रिटिश आरमाराच्या नाकेबंदीने बाहेरचं धान्य आणि खतं अडली होती, शेतीतली माणसं आणि घोडे आघाडीवर गेले होते. मे १९१६ च्या जटलंडच्या लढाईत जर्मन आरमाराने ब्रिटनची जास्त जहाजं बुडवली, पण नाकेबंदी काही फुटली नाही. म्हणून जानेवारी १९१७ मध्ये पाणबुड्यांना कुठलंही व्यापारी जहाज बुडवायला मोकळं सोडायचं ठरलं, आणि त्यातूनच अमेरिका युद्धात आली. जर्मन नौदलप्रमुखांचा हिशेब होता की महिन्याला ६ लाख टन जहाजं बुडवली तर ब्रिटन पाच महिन्यांत गुडघे टेकेल. एप्रिलमध्ये साडेआठ लाख टनांहून अधिक बुडालीसुद्धा. पण ब्रिटनने जहाजं ताफ्याने न्यायला सुरुवात केली, कुरणं नांगरून गहू-बटाटे लावले आणि पुढे साखर-मांसावर रेशन बसवलं.